एकेचाळीस नंबरची रेघ

छापखान्यातून तिसरा फोन आला तेव्हा भाचीनं तो उचललाच नाही. टेबलावर थरथरत तो कपाच्या बशीला जाऊन टेकला, बशी किणकिणायला लागली, तशी वहिनीनं तो उचलून प्रुफांच्या गठ्ठ्यावर पालथा घातला.

"चारपर्यंत दम धरा म्हणावं," वहिनी म्हणाली. "सेहेचाळीस वर्षं थांबलेल्या पुस्तकाला तीन तासांनी काय होतंय?"

"चारनंतर मशीन शाळेच्या पुस्तकांना जातं, आई. मग आपण दोन महिने रांगेत." भाचीनं एक कागद बापासमोर आणि एक आत्यासमोर सरकवला. "दोघांच्या सह्या हव्यात. आप्पांच्या चित्रांचे हक्क तुम्हा दोघांचे आहेत. एकाच्या सहीनं भागत नाही."

"वाचल्याशिवाय सही करायची नाही हे मीच तुला शिकवलंय," प्राचार्य म्हणाले आणि चष्मा शोधायला लागले. चष्मा त्यांच्या कपाळावरच होता. एरवी कुणीतरी हसलं असतं.

निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी घरीदारी त्यांना प्राचार्यच म्हणत, बायकोसुद्धा. तशीच त्यांची धाकटी बहीण शाईताई. एकोणिसाव्या वर्षी बोटांना शाई लागली आणि नाव पडलं. पुढे लग्न झालं, संसार झाला, नवरा गेला, बोटं स्वच्छ झाली, नाव मात्र चिकटलं ते चिकटलं. आता ती खिडकीशी बसली होती. मांडीवर जुन्या चादरीच्या तुकड्यात गुंडाळलेली हातभर लांबीची कागदाची गुंडाळी होती, आणि आल्यापासून तिनं ती खाली ठेवली नव्हती. "वन्सं, ठेवा की ते ओझं," असं वहिनीनं दोनदा म्हटलं आणि दोन्ही वेळा शाईताईनं "असू दे" म्हणून विषय मिटवला.

खोली कला महाविद्यालयाच्या संशोधन विभागाची. आप्पांनी, म्हणजे या भावंडांच्या वडिलांनी, हा विभाग एका कपाटावर आणि दोन खुर्च्यांवर सुरू केला होता. दक्षिण आशियातली जुनी भित्तिचित्रं, पोथ्यांच्या चौकटी, विणकामाचे नमुने, लाकडावरचं कोरीवकाम, जे जे झिजत चाललंय त्याच्या रेघा उतरवून घ्यायच्या आणि छापून ठेवायच्या, हे त्यांचं वेड. आज एकतीस खंड भिंतीला लावून उभे होते. त्यातला पहिला, डोंगरातल्या एका जुन्या मठाच्या भिंतींचा, मिळेनासा होऊन जमाना लोटला होता. तो नव्यानं काढायचं काम आता विभाग सांभाळणाऱ्या नातीनं अंगावर घेतलं होतं. आधी आप्पा, मग प्राचार्य, मग त्यांची लेक. दाराबाहेरच्या पाटीवर तिघांचीही नावं होती. आत्याचं नव्हतं.

प्राचार्य तिसऱ्या पानाशी थांबले. त्यांनी कागद जवळ घेतला, लांब नेला.

"आप्पांच्या नावाखाली हे काय? शाईकाम म्हणून?"

"आत्याचं नाव."

"ते दिसतंय मला. घातलं कुणी?"

"मी. म्हणजे परत घातलं." भाचीनं पाकिटातून एक पिवळा पडलेला कागद काढून सगळ्यांच्या मधोमध ठेवला. "जुन्या प्रुफांच्या खोक्यात सापडलं. पहिल्या आवृत्तीचं मुखपृष्ठाआतलं पान. बघा."

शाईताई पुढे वाकली. खिळ्यांनी दाबून उठवलेली अक्षरं अजून बोटाला लागतील इतकी ठसठशीत होती. वर आप्पांचं नाव, खाली जरा बारीक टाइपात तिचं, लग्नाआधीचं, पूर्ण. त्यावरून एक लाल पेन्सिलीची रेघ गेली होती आणि समासात आप्पांच्या अक्षरात एकच शब्द होता, 'काढा'. आपलं नाव छपाईसाठी जुळवलं गेलं होतं हे तिला ठाऊक होतं, पण छापलेलं पाहिलं ते आज. तिनं बोट हलकेच त्या अक्षरांवरून फिरवलं.

"आप्पांनी काढलं ते काढलं," प्राचार्य म्हणाले. "त्यांच्या पुस्तकावर कुणाचं नाव असावं हे त्यांनी ठरवायचं."

"चौसष्ट चित्रं, बाबा. चौसष्टच्या चौसष्ट आत्यानं शाईत काढली. आणि नाव कुठेच नाही? मी प्रस्तावनेत लिहिलंय सगळं."

"शाईत काढणं म्हणजे शेवटी काय, पेन्सिलीवरून गिरवणं."

"मग गिरवून बघा की एकदा," वहिनी म्हणाली. "बँकेतली सही दोनदा सारखी येत नाही तुमची."

शाईताईनं भावाकडे पाहिलं. सत्तर वर्षांचा माणूस, पण रागावला की अजून खालचा ओठ पुढे यायचा. 'गिरवणं' हा शब्द त्यानं पूर्वीही वापरला होता, पाहुण्यांसमोर, हसत हसत. ती त्या वेळी मूग गिळून बसली होती. आजही बसली.

"नावाचं नंतर बोलू," भाची म्हणाली. "आधी एकेचाळीस नंबर."

प्राचार्यांनी सावकाश मान वर केली.

एकेचाळीस नंबरचं चित्र माहीत नाही असा माणूस त्या कॉलेजात नव्हता. भिंतीशी बसलेली एक बाई, मान किंचित कललेली, उजव्या हातात लेखणी. सगळे तिला लेखणीवालीच म्हणत. ती कॉलेजच्या फाटकावर होती, पत्रांच्या माथ्यावर होती, समोरच्या चहाच्या कपांवरही होती. त्या मठात बायका पोथ्या लिहीत होत्या, असं प्राचार्यांनी तिच्या जोरावर मांडलं. प्रबंध लिहिला, व्याख्यानं दिली, मानसन्मान मिळाले. सगळा मांडव त्या एका लेखणीवर उभा होता.

भाचीनं फोटो ठेवला. "गेल्या महिन्यात फोटोग्राफर पाठवला होता. हा हात. मनगटापर्यंत आहे. पुढे काही नाही."

"पडलं असेल. सेहेचाळीस वर्षांत गिलावा पडतो."

"पडलाय खरा. पण पडलेली जागा चुन्यानं बुजवलीय, आणि बुजवणाऱ्या गवंड्यानं ओल्या चुन्यात साल कोरलंय. इथे, कोपऱ्यात. भिंग देऊ?"

प्राचार्यांनी भिंग घेतलं. बाहेर आवारात शिल्पकलेच्या पोरांची छिन्नी चालू होती, तिचे टोले तेवढे ऐकू येत होते.

"आप्पांच्या जन्माआधी बावीस वर्षं," भाची म्हणाली. "आप्पा भिंतीसमोर उभे राहिले तेव्हा तिथे लेखणी नव्हती, बाबा. बोटंसुद्धा नव्हती. त्यांनी ती पाहणं शक्यच नव्हतं."

"मग?"

"मग मी चित्राखाली टीप घातलीय." तिनं वाचून दाखवली. आवाज मुद्दाम सपाट ठेवला होता. "'हातातली लेखणी मूळ भिंतीवर नव्हती. रेखाटनकारानं ती कल्पनेनं भरली आणि तसं कुठेही नमूद केलं नाही.'"

प्राचार्य उठून उभे राहिले. खुर्ची मागच्या कपाटावर आपटली.

"तू माझ्या बापाला खोटारडा म्हणतेस? त्यांच्याच खोलीत बसून? ज्या माणसानं उभ्या जन्मात एक रेघ खोटी काढली नाही..."

"अहो, बसा आधी. रक्तदाब आहे तुम्हाला."

"माझेही आजोबा आहेत ते," भाची म्हणाली. तिचा आवाज चढला. "मला काय हौस आहे? पण ज्या माणसानं पोटच्या पोरीचं नाव लाल पेन्सिलीनं खोडलं, त्यानं एक लेखणी वाढवली तर मला नवल वाटत नाही. आत्याची मेहनत स्वतःच्या नावावर, आणि वर ही कल्पनाशक्ती. मी हे झाकणार नाही."

"मग माझी सही नाही."

"नको देऊस. पुस्तक निघणार नाही, पण टीप मी नियतकालिकात छापीन."

"आपलेच दात आणि आपलेच ओठ," वहिनी पुटपुटली. तिनं नणंदेकडे पाहिलं. "वन्सं, तुम्ही तरी बोला काहीतरी. तुमच्यावरूनच चाललंय ना सगळं?"

शाईताईच्या समोर सहीचा कागद होता. बाजूला पेनही काढून ठेवलेलं. तिला काहीच करायचं नव्हतं. सही करायची आणि घरी जायचं. पुस्तक आज ना उद्या आलं असतं, त्यात तिचं नाव आलं असतं, आणि प्रस्तावना वाचून चार भली माणसं म्हणाली असती, बिचारी, बापानंच दाबलं हिला. सेहेचाळीस वर्षं ती ज्याची वाट बघत होती ते ताटात वाढून आलं होतं. किंमत एवढीच, की आप्पा खोटारडे ठरणार होते. आप्पा तर मेलेले. आणि नाव खोडलं होतं हे काय खोटं होतं?

मोह झाला. चांगला दणकून झाला. पेनाकडे हात गेलासुद्धा.

मग तिनं पेन बाजूला सारलं आणि मांडीवरची चादर सोडायला घेतली. गाठ घट्ट बसली होती. दातांनी सोडवावी लागली.

"एकेचाळीसचा पेन्सिलीचा कागद तू शोधत होतीस ना?" ती भाचीला म्हणाली. "कपाटात सापडणार नाही. आप्पा गेले त्या आठवड्यात मी तो घरी नेला."

"तू नेलास? आत्या, मी तीन वर्षं..."

"माहीत आहे. काचेचा दिवा लाव."

खोलीच्या कोपऱ्यात ते जुनं टेबल होतं, वर दुधी काच, खाली दिवा. या टेबलावरच सगळं काम चालायचं. आप्पा मठात जाऊन भिंतीवर पातळ कागद धरत आणि पेन्सिलीनं रेघा उतरवून आणत. इकडे तो कागद काचेवर पसरायचा, त्यावर कोरा कागद, खालून उजेड, आणि मग शाईताईनं टाक दौतीत बुडवून एकेक रेघ पक्की करायची. नियम एकच होता आणि आप्पांनी तो पहिल्याच दिवशी सांगितला होता: डोळ्यांना दिसलं ते अखंड रेघेत, मनानं ताडलं ते तुटक रेघेत. काम झालं की आप्पा दोन्ही कागद ताडून बघत आणि शाईच्या कागदाच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं बरोबरची खूण करत. ती खूण होईतो कागद छापखान्यात जात नसे.

दिवा लागला. शाईताईनं कागद पसरला. कडा गुंडाळून येत होत्या म्हणून वहिनीनं चहाचे दोन कप दोन बाजूंना ठेवले.

बाई होती. कललेली मान, खांदा, कोपर, मनगट, सगळं अखंड. मनगटापुढे मात्र बोटं तुटक रेघांत होती, लेखणीही तुटक, आणि तिच्या टोकाशी आप्पांनी बारीक प्रश्नचिन्ह काढलं होतं.

भाची वाकून बघत राहिली. तिनं नव्या पुस्तकाचं प्रूफ उचलून शेजारी धरलं. तिथे तीच लेखणी एका दमात काढलेली, सुरेख, अखंड होती.

"मग ही अशी झाली कशी?" तिनं विचारलं. तोवर तिला समजलं होतं, पण विचारल्यावाचून राहवलं नाही.

"माझ्या हातानं."

प्राचार्य बसले.

"आप्पांनी कधी खोटी रेघ काढली नाही. दादा म्हणतोय ते खरंय," शाईताई म्हणाली. "काढली ती मी. आणि नजरचूक होती असंही नाही म्हणता येत. तुटक रेघ काढायला फार कंटाळवाणी. दर तुकड्याला टाक उचलायचा, टेकायचा, टेकला की थेंब पडायची भीती. त्या दिवशी हात असा काही लागला होता! खांद्यावरून रेघ निघाली ती कोपर, मनगट, आणि पुढे थांबलीच नाही. मी एकोणीस वर्षांची. समोर एक बाई बसलेली, माझ्याच हातातल्यासारखी लेखणी हातात घेऊन. मला थांबवेना. तेवढी चांगली रेघ मी पुन्हा कधी काढली नाही. तिच्या भरात प्रश्नचिन्हही राहून गेलं."

"आणि आप्पांची खूण?" प्राचार्यांनी विचारलं.

"आप्पा तेव्हा तापानं पडले होते. छपाईचे ठसे करणारा ब्लॉकवाला दारात उभा. हा धरून अकरा कागद खुणेशिवाय गेले, मीच दिले. चौथ्या दिवशी पेन्सिलीचे कागद जागच्या जागी लावताना हा दिसला. तशीच गेले आप्पांकडे आणि सांगितलं. ते उठून बसले. एक अक्षर बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ताप अंगात असताना छापखान्यात गेले. मला वाटलं, ब्लॉक बदलायला गेले." तिनं कागदाची गुंडाळून आलेली कड सपाट केली. "पुस्तक आलं तेव्हा ब्लॉक तोच होता. माझं नाव तेवढं नव्हतं."

"का?" भाचीनं विचारलं.

"ते आजवर कळलं असतं तर मी एवढी कडू झाले नसते. शिक्षा केली असेल. नाहीतर उद्या कुणी बोट दाखवलंच तर ते त्यांच्याकडे जावं, पोरीकडे नको, असंही असेल. विचारायची हिंमत झाली नाही, आणि ते आपणहून बोलणाऱ्यांतले नव्हते."

"तुला वाचवलं त्यांनी," प्राचार्य म्हणाले.

"स्वतःला वाचवलं," भाची म्हणाली. "ब्लॉक बदलता आला असता."

"दोन्ही असेल," वहिनी म्हणाली. "माणूस काय एकाच कारणानं काही करतो?" तिनं काचेवरचा कप उचलला, त्यावरच्या बाईकडे पाहिलं आणि परत ठेवला. "म्हणजे इतकी वर्षं मी चुकीच्या बाईच्या कपातून चहा पितेय."

प्राचार्य बहिणीकडे बघत होते. रागापेक्षा त्या बघण्यात दुसरंच काहीतरी होतं, आणि शाईताईला त्याचीच धास्ती होती. एवढी वर्षं कागद चादरीत राहिला तो त्यामुळेच.

"मला का नाही सांगितलंस?" ते म्हणाले. "आप्पांचं जाऊ दे. ते बोलत नसत. तू? पुस्तकानंतर सहा वर्षांनी माझा प्रबंध आला. मी चार वर्षं त्या लेखणीवर डोकं फोडत होतो. रोज रात्री जेवताना तुला सांगत होतो. माझा गौरव झाला तेव्हा तू पहिल्या रांगेत बसली होतीस. टाळ्या वाजवत होतीस, शाई!"

"त्या दिवशी सांगणार होते."

"मग?"

"कागद पिशवीत घेऊनच आले होते. आधी आप्पांच्या कपाटातून काढला, नंतर परत ठेवला. म्हटलं, समारंभ झाला की दादाला बाजूला घेऊन दाखवू, अजून प्रबंध छापलेला नाही, दुरुस्त करता येईल. मग तू बोलायला उभा राहिलास. म्हणालास, 'या रेघा माझ्या वडिलांनी एकट्यानं काढल्या.' एकट्यानं." तिचा आवाज फुटला, पण ती थांबली नाही. "मी समोर बसले होते, दादा. मग नाही सांगितलं. म्हटलं, घे. एकट्यानं काढल्यात ना त्यांनी, मग घे तुझी लेखणी. मनात विष होतं माझ्या. ते मी इतकी वर्षं सांभाळलं. मला त्याची लाज वाटते, आणि राग अजून गेलेला नाही. दोन्ही खरं आहे."

छिन्नीचे टोले बंद झाले होते. जेवणाची सुट्टी झाली असावी.

"मी खरंच तसं म्हणालो होतो?" प्राचार्यांनी बायकोला विचारलं.

"म्हणालात. भाषण मीच टाइप केलं होतं. प्रबंधही. चारशे पानं." वहिनी चादरीच्या तुकड्याची घडी घालत होती. "आभारात 'माझी पत्नी' एवढंच आहे. ते असो. आज वन्संचं चाललंय."

प्राचार्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. मग एकदम ताठ झाले, आणि शाईताईनं ओळखलं, की आता प्राचार्य बोलणार, दादा नव्हे.

"ठीक आहे. मग नाव घाला," ते लेकीला म्हणाले. "मोठ्या टाइपात घाला. आणि टिपेत स्पष्ट लिहा, शाईकाम करणारीनं मूळ रेखाटनात नसलेली रेघ घातली. आप्पांवर डाग नको. माझ्यावरही नको. मी छापलेल्या चित्रावर विसंबलो, कुणीही विसंबलं असतं."

"वा!" भाची उसळली. "पंधरा मिनिटांपूर्वी नाव नको होतं. तेव्हा ती गिरवत होती. आता चूक निघाली तर शाईकाम झालं?" ती आत्याकडे वळली. "आत्या, मी नावच काढते. प्रस्तावना बदलते. 'विभागातल्या सहायकांकडून' असं लिहिते. तुझ्याकडे कुणी बोट दाखवणार नाही. या वयात तुला कशाला हे?"

शाईताईला आता खरोखर हसू आलं. लेक नाव घालायला निघाली होती ती काढायला लागली, आणि बाप काढत होता तो घालायला लागला. आणि दोघांनाही तिचं भलंच करायचं होतं, किंवा आपलं, किंवा आप्पांचं. तिला मात्र अजून कुणी काही विचारलं नव्हतं.

"आप्पांनीही असंच केलं असेल," ती भाचीला म्हणाली. "माझ्या भल्यासाठी. तू त्यांचीच नात शोभतेस."

भाचीचे कान लाल झाले.

"नाव राहू दे," शाईताई म्हणाली. "टीपही राहू दे, दादा म्हणतो तशी. पण चुकीचं चित्र छापून खाली टीप लावायची, ही आप्पांची पद्धत नाही. किती वाजले?"

"दोनला दहा कमी."

"टाक आहे का इथे? आणि दौत?"

आप्पांचा टाक भाचीच्याच खणात होता. तिनं तो पुसून दिला, नवी निब बसवून दिली. काचेवर पेन्सिलीच्या कागदावर कोरा कागद बसवला आणि चारी बाजूंना चिकटपट्टी लावली. वहिनीनं खुर्ची ओढली. शाईताई बसली, आणि टाक हातात आल्यावर सगळ्यांनाच दिसलं, की हात कापतोय.

"स्कॅनवरच खोडून तुटक करते मी," भाची हळूच म्हणाली. "दहा मिनिटांचं काम आहे."

"बाई तीच ठेव. खांदा, कोपर, सगळं जुनंच ठेव. ते आता मला जमायचं नाही." शाईताईनं निब दौतीच्या काठाला टेकवून जादा शाई निथळली. "मला मनगटापुढचं तेवढं काढू दे. तुकड्या-तुकड्यांनी काढायचं आहे. एवढा दम आहे अजून."

तिनं श्वास धरला आणि पहिला तुकडा काढला. टाक उचलला. हात कापत होता तो थांबेतो थांबली. दुसरा तुकडा. तरुणपणी तिला या उचलण्या-टेकण्याचा कंटाळा होता. आता प्रत्येक तुकड्यानंतर थांबायला मिळत होतं, म्हणूनच जमत होतं. अंगठा, बोटं, मग लेखणी. एका ठिकाणी थेंब जरा फुगला. तिनं टिपकागद टेकवला, पुढे गेली. शेवटी टोकाशी प्रश्नचिन्ह काढलं, आप्पांच्या वळणाचं.

तेवढ्यात फोन वाजला. भाचीनं उचलला, "अर्ध्या तासात एकेचाळीस पाठवते, मशीन सोडू नका," म्हणाली आणि ठेवून दिला.

शाईताईनं मान वर केली. भाऊ खुर्चीतून उठून कधी शेजारी येऊन उभा राहिला होता, तिला कळलं नव्हतं. तिनं टेबलावरच्या पेल्यातली लाल पेन्सिल काढून त्याच्यापुढे धरली.

"खुणेशिवाय जायचं नाही," ती म्हणाली.

प्राचार्यांनी पेन्सिल घेतली नाही. त्या कागदावर खूण करायची म्हणजे काय, हे खोलीतल्या चौघांनाही ठाऊक होतं. चारशे पानांचा प्रबंध, व्याख्यानं, फाटकावरची बाई. वहिनी तेवढी खिडकीबाहेर बघायला लागली, नवऱ्याचा चेहरा आपण पाहू नये म्हणून.

बऱ्याच वेळानं त्यांनी पेन्सिल घेतली. चष्मा डोळ्यांवर चढवला, काचेवर वाकले आणि वरचा कागद अर्धा उचलून खालचा बघितला, परत खाली सोडला. आप्पा असंच करत.

"करंगळीला आप्पांनी चार तुकडे केलेत," ते म्हणाले. "तुझे तीन आहेत."

तिनं मोजले. तीनच होते. तिनं टाक बुडवला आणि चौथा काढला. प्राचार्यांनी पुन्हा ताडून पाहिलं आणि कोपऱ्यात लाल खूण केली.

"माझ्या प्रबंधाबद्दल दोन ओळी मी लिहीन," ते लेकीला म्हणाले. "तू लिहू नकोस. तुझी भाषा फार तिखट आहे. फाटकावरच्या बाईला मात्र हात लावू नका. ती तिथे आपल्या जोरावर उभी आहे."

"आणि सही?"

"दे इकडे."

दोघांनी सह्या केल्या. भाची कागद घेऊन स्कॅनरकडे गेली आणि अर्ध्यातून परत फिरली.

"आत्या, नाव जुन्या प्रुफात होतं तेच ठेवलंय मी, लग्नाआधीचं. आताचं घालू का? लोक तुला आताच्याच नावानं ओळखतात."

शाईताई बोटाला लागलेली शाई चादरीच्या तुकड्याला पुसत होती. ती निघत नव्हती.

"चूक जिनं केली तिचं घाल," ती म्हणाली.